धरायचा आणि सोडायचा

"धरीसन सोडी देतस? मंग धरतस कसाले?"

हा प्रश्न आमच्या सासूबाईंचा. साल २००७. दोंडाईच्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडता खुडता त्यांनी विचारला होता आणि खरं सांगते मैत्रिणींनो, त्याचं उत्तर त्या दिवशी घरात कुणाकडेच नव्हतं. बंगळूरला नोकरीला असलेल्या भाच्याचा फोन आला होता. "मामी, दिवाळीनंतर या. मामांना मासे धरायची हौस आहे ना? कावेरीवर एक कॅम्प आहे. जंगलात तंबू, सोबत वाटाड्या, गळ-काठी सगळं तेच देतात. फक्त मासा धरला की परत नदीत सोडायचा."

आमच्या ह्यांना मासे धरायची हौस आहे हे खरं. सारंगखेड्याला तापीकाठी जाऊन रविवारची दुपार घालवायची आणि संध्याकाळी दोन बोटांएवढं काहीतरी पिशवीतून आणायचं, एवढीच ती हौस. सासूबाईंना तेही पटायचं नाही, पण निदान ते कालवणात तरी पडायचं. धरून सोडायचं, वर त्याचे माणशी काही हजार मोजायचे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. माझ्याही बसत नव्हतं. मी गेले ती बंगळूर बघायला मिळेल म्हणून.

तर अशा सुट्ट्या असतात, बरं का. जगभर असतात. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या उपनद्यांवर छोट्या विमानाने उतरवतात, तिथून बोटीने आत नेतात आणि आठवडाभर तुम्ही पर्जन्यवनात राहून तुकुनारे नावाचा मासा धरता आणि सोडता. त्याला परदेशी लोक आठवड्याचे काही हजार डॉलर मोजतात. दक्षिण अमेरिकेतल्याच गयाना देशात एक लहानसं आदिवासी गाव आहे, नाव रेवा. आपल्या नर्मदेचंच नाव! तिथल्या नदीत अरापायमा असतो. माणसापेक्षा लांब, दोनशे किलोपर्यंत वाढणारा आणि श्वास घ्यायला पाण्याच्या वर तोंड काढणारा मासा. तो वर येतो तेव्हाच भाल्याने मारायचा, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे तो संपत आला. मग २००५ च्या सुमारास त्या मकुशी लोकांनी पाहुण्यांसाठी विश्रामगृह बांधलं, मासा मारणं थांबवलं आणि पुढे धरून सोडणारे पाहुणे आणायला सुरुवात केली. मेलेला अरापायमा एकदाच पैसे देतो, जिवंत दरवर्षी देतो, असा साधा हिशेब. टीव्हीवर जेरेमी वेड नावाचा इंग्रज नद्यांतले अक्राळविक्राळ मासे धरताना तुम्ही पाहिला असेल. तो मासे धरायला म्हणून पहिल्यांदा परदेशी निघाला तो १९८२ साली, आणि आला कुठे, तर भारतात.

कारण आपल्याकडे महसीर आहे. गोड्या पाण्यातला हा मासा गळाला लागला की दगडधोंड्यांतून, धारेतून जो धावतो, त्याला तोड नाही असं इंग्रजांच्या काळापासून लिहिलेलं आहे. जिम कॉर्बेटलाही वाघांइतकाच याचा नाद होता. आणि सगळ्यांत मोठा महसीर कावेरीच्या खोऱ्यातला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर धरला. (हे कुटुंब राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ पेंढा भरून द्यायचं.) पुढे धरणं झाली, नदीत सुरुंग उडवून मासे मारायला लागले आणि मोठा महसीर संपलाच असं लोक समजू लागले. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण देशभर नद्या धुंडाळत कावेरीपर्यंत पोचले आणि तिथे त्यांना प्रचंड मोठे महसीर सापडले. मग कॅम्प निघाले. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा भीमेश्वरीचा कॅम्प त्यातलाच. तिथेच आम्ही निघालो होतो.

दोंडाईचाहून भुसावळ, भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बारा वर्षांची लेक. बंगळूरहून जीपने तीन तास. कावेरी पाहिली आणि मी गप्पच झाले. आम्हा खानदेशी माणसांना नदी म्हणजे रुंद वाळू आणि मधे पाणी. इथे डोंगराच्या कुशीत दोन्हीकडे झाडी, काळे खडक आणि त्यांच्यामधून घुसळत जाणारं हिरवं पाणी. अगदी पर्जन्यवन नव्हे ते, उन्हाळ्यात पानं झडणारं जंगल आहे. पण नदीकाठचे अर्जुनवृक्ष एवढे दाट की दुपारीही सावली. रात्री हत्ती पाण्यावर येतात म्हणून तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही अशी ताकीद. मगरी तर दिवसाढवळ्या खडकावर पसरलेल्या.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, सडपातळ. त्याला कन्नड आणि मोडकी हिंदी, आम्हाला मराठी आणि मोडकी हिंदी. आम्ही त्याला अण्णा म्हणायला लागलो. पहाटे तो चुलीवर पातेलं ठेवून काहीतरी रटरटवत होता. जवळ जाऊन पाहते तर नाचणीचं पीठ! आमच्याकडे अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला जिला नागली म्हणतात, तीच. ते घट्ट शिजवून, मळून त्याचे लिंबाएवढे गोळे करायचे आणि गळाला लावायचे. महसीरला म्हणे हे फार आवडतं. ह्यांनी मळायला घेतलं, ते हाताला चिकटून बसलं. मी पाण्याचा हात लावून दोन मिनिटांत गोळा सारखा करून दिला. अण्णा हसला आणि त्यानंतर तीन दिवस पीठ माझ्याकडेच आलं. कळण्याची भाकरी थापणाऱ्या बाईला नाचणीचं काय अवघड!

पण काठी मात्र माझ्याकडे कुणी देईना. ह्यांचं म्हणणं, "तुझ्याने ओढ सोसवायची नाही. बायकांचं काम नाही ते." तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सगळ्यांत मोठ्या सामन माशाचा विक्रम एका बाईच्या नावावर आहे. जॉर्जिना बॅलन्टाइन. पहिल्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली स्कॉटलंडची बाई. ७ ऑक्टोबर १९२२ च्या संध्याकाळी टे नदीवर वडिलांबरोबर नावेत होती. दोन तासांच्या वर झुंज देऊन तिने ६४ पौंडांचा सामन काढला. हात सुजले होते तिचे. मासा गेला पर्थच्या इस्पितळात, रुग्णांच्या जेवणात. शंभर वर्षं उलटली, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

तर दोन दिवस हे खडकावर बसून होते. मासा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंटाळून चहा प्यायला उठले आणि काठी माझ्या हातात देऊन गेले, "जरा धर फक्त." मी धरली. दोरा बोटावर ठेवून बसायचं, एवढंच अण्णाने सांगितलं होतं. बराच वेळ पाण्याचीच थरथर जाणवत होती. मग टिचकी मारल्यासारखं झालं, आणि पुढच्याच क्षणी काठी वाकली आणि रिळातून दोरा असा सुटला की त्याची शीळ वाजली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. लेक म्हणते मी विठोबाला हाक मारली.

अण्णा मागे येऊन उभा राहिला, पण त्याने काठीला हात लावला नाही, हे मी विसरणार नाही. नुसतं सांगत होता. "छोडो, छोडो... अब घुमाओ... छोडो." मासा पळायला लागला की पळू द्यायचं, दमला की गुंडाळायचं. धारेत गेला की काठी उंच. खडकाकडे वळला की दोरा खडकावर घासून तुटेल, म्हणून आपणच चार पावलं सरकायचं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. दंड भरून आले होते. शेवटी सोनेरी काहीतरी पाण्यात उलटलं, आणि अण्णा कमरेपर्यंत पाण्यात शिरला.

पाच किलोंचा होता. तळहाताएवढे खवले, एकेक जणू पितळी ताटली. ओठ जाड, मऊ. अण्णाने गळ काढला आणि मला पाण्यात बोलावलं. तोंड धारेकडे करून मासा हातांवर तोलून धरायचा, तोवर धरायचा जोवर तो स्वतः जोर करत नाही. नाहीतर दमलेला मासा आडवा होऊन वाहत जातो आणि मरतो. मी नुकतं न्हाऊ घातलेलं बाळ धरावं तसा तो धरला. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. मिनिटभर काहीच नाही. आणि मग एकदम शेपटीचा फटका बसला, तोंडावर पाणी उडालं, हात रिकामे. काठावर हे चहाचा कप घेऊन उभे. बोलले काहीच नाहीत, फोटो मात्र काढला होता.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं असं वाटलं. ते काही फार काळ टिकलं नाही.

रात्री शेकोटीजवळ अण्णा बोलता झाला. तरुणपणी तोही सुरुंगवालाच. एक स्फोट, आणि डोहातलं लहानमोठं सगळं पांढऱ्या पोटाने वर. निम्मं गोळा व्हायचं, निम्मं वाहून जायचं. कॅम्प आला तेव्हा साहेबांनी अशाच लोकांना हाताशी धरलं. नदीचा खडा न् खडा त्यांनाच ठाऊक. महिन्याचा पगार सुरू झाला, मुलं शाळेत गेली, आणि रात्री सुरुंगवाल्यांवर पहारा ठेवायला हेच लोक. कावेरीच्या त्या पट्ट्यातली ही गोष्ट पुढे मी अनेक ठिकाणी वाचली, तेव्हा अण्णा बढाई मारत नव्हता.

मग मी माझ्या माशाचं कौतुक काढलं. तर तो म्हणाला, "वो नीला वाला है. पहले ये नहीं था." पूर्वीचा तो वेगळा. पाठीला कुबड, पर नारिंगी, तो खरा कावेरीचा. "अब वो बड़ा मिलता है. छोटा नहीं मिलता." मला वाटलं, मोठेच मिळतात ही तर चांगली गोष्ट! शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेली बाई मी, पण त्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. एखाद्या गावात नुसती म्हातारी माणसं दिसायला लागली आणि एकही पाळणा हलेनासा झाला, तर त्या गावाचं काय होणार, हे आपण लगेच ओळखतो. माशाच्या बाबतीत ओळखलं नाही.

अर्थ लागायला आणखी काही वर्षं जावी लागली. कावेरीचा तो पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावला गेला. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथली गळाची मासेमारी थांबली. पण गळीबोरे नावाच्या शेजारच्या कॅम्पवर पाहुण्यांच्या वह्या ठेवलेल्या होत्या. कुणी किती तास गळ टाकला, कोणता मासा मिळाला, वजन किती. आपण किराणा मालाची वही ठेवतो तशा. १९९८ ते २०१२ मधल्या या नोंदी संशोधकांनी मांडल्या. २३ हजारांहून जास्त तास, ६ हजारांहून जास्त मासे. त्यातून दिसलं ते अण्णाच्या वाक्याबरहुकूम. कुबडवाला महसीर वर्षागणिक कमी होत गेला, मिळाला तो मोठाच मिळाला. पिल्लं जवळजवळ नाहीत. आणि निळ्या परांचा वाढत वाढत गेला.

आणि हा निळ्या परांचा आला कुठून? इथे मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. आपल्या लोणावळ्याहून!

वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरचं बीज तयार करायचं केंद्र काढलं. धरणं बांधून नद्या अडवल्या, त्यात महसीर कमी होतोय, तर आपणच अंडी उबवून पिल्लं नद्यांत सोडू, असा चांगला हेतू. काम मोठं नाजूक. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, नराचं बीज मिसळायचं, ट्रेमध्ये वाहत्या पाण्यात उबवायची. मासा होता दख्खनचा महसीर. १८३९ साली कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला हा मासा शास्त्रात नोंदवला, तेव्हा त्याच्या नावात 'खुद्री' हा इथल्या बोलीतला शब्द घातला. लाखो पिल्लं तयार झाली, देशभर गेली. त्यात कावेरीतही गेली. तेव्हा महसीर म्हणजे महसीर, एवढंच बहुतेकांना ठाऊक. कावेरीचा वेगळा आहे आणि त्याला स्वतंत्र नाव हवं हे तेव्हा कुणी नक्की केलेलंच नव्हतं.

ते झालं २०१८ मध्ये. कुबडवाल्याचं शास्त्रीय नाव ठरलं, टोर रेमादेवी. प्राणिशास्त्र सर्वेक्षणात माशांवर काम केलेल्या के. रेमा देवी या संशोधक बाईंच्या नावावरून केरळातल्या एका नदीतल्या माशांना हे नाव आधीच दिलेलं होतं. कावेरीचा राक्षसी महसीर तोच निघाला. आणि नाव मिळालं त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून लाल यादीत झाली. आज तो मोयारसारख्या थोड्याच ठिकाणी उरलाय. उलट लोणावळ्याचा निळा पूर्वी संकटग्रस्त गणला जायचा, तो आता काळजीचं कारण नाही अशा यादीत आहे. कुबडवाला संपत जायला धरणं, वाळूउपसा, सुरुंग हेही जबाबदार आहेतच. सगळं खापर एका पाहुण्यावर फोडता येणार नाही. पण संशोधकांचं बोट त्याच्याकडेही आहे.

म्हणजे मी ज्याला बाळासारखं धरून सोडलं, तो आपल्याच मुलखातून धाडलेला पाहुणा होता, आणि यजमानाच्या घरात पसरून बसलेला. तो फोटो अजून आमच्या बैठकीत आहे. काढलेला नाही. त्याचा तरी काय दोष?

यात कॅम्पवाल्यांचं चुकलं की बरोबर, यावर मी खूप विचार केला. छंदासाठी मुक्या जिवाच्या ओठात गळ रुतवायचा हे क्रूर आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं चूक नाही. त्याच्या तोंडातून गळ काढताना मलाही कसंसंच झालं होतं. पण त्या वह्या नसत्या, तर कुबडवाला कधी गेला हे कळलंही नसतं. पहाऱ्याचं म्हणाल, तर त्याचा दुसराही मार्ग आपल्याकडे आहे. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात महसीर आहेत, वरदायिनी देवीचे. त्यांना कुणी हात लावत नाही. लोक लाह्या टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. तिथे पगारी पहारेकरी नाही, सुरुंग नाही आणि पाहुण्यांकडून पैसेही नाहीत. मला तो मार्ग जास्त आवडतो, पण देवीचा डोह एक असतो, नदी लांब असते.

आमच्या तापीला ना कॅम्प लाभला, ना अशी डोहाची देवी. माझ्या माहेरी, काठावरच्या गावात, लहानपणी उन्हाळ्यात कधी कधी दुपारी 'धप्' असा दबका आवाज यायचा. आई म्हणायची, "फोडला डोह." आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. आता वरती बॅरेज झाले, पाणी वर्षभर अडलेलं, शेतीला त्याचा फायदा आहे, नाही कशाला म्हणू? पण धावतं पाणी मागणारे मासे अडलेल्या पाण्यात राहत नाहीत. धरणांत सोडतात ते कटला आणि रोहू, मूळचे गंगेकडचे. तिलापिया तर आफ्रिकेतला.

बाजारात माझी नेहमीची भोईण मावशी आहे. तिची आई माझ्या सासूबाईंना मासे द्यायची. मागच्या थंडीत मी तिला हे सगळं सांगितलं, लोणावळा, कावेरी, सगळं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मनी मायना टोपलामा ज्या मासा व्हतात, त्यासना नावबी आते पोऱ्यासले माहीत नई." मी विचारलं, कोणती नावं? तिने चार-पाच सांगितली. दोन मी कधीच ऐकली नव्हती. पिशवीतल्या बिलाच्या मागे लिहून घेतली. शाळेतल्या मुलांकडून त्यांच्या आज्यांना विचारून घ्यायचं ठरवलंय.

मग मोबाईलवर तिला तो फोटो दाखवला. डोळे बारीक करून तिने बराच वेळ पाहिला. माझ्याकडे नाही, माशाकडे.

"किती किलोना?"

"पाच."

"आनि सोडी दिना?"

"सोडी दिना."

तिने विळीवरचा मासा बाजूला सारला, बोटांवर हिशेब केला. "नवशे रुपया पानीमा," म्हणाली आणि माझी अर्धा किलो मरळ तोलायला घेतली. वरून एक तुकडा जास्तीचा टाकला.